यंदा निळी कुर्ली आलीच नाही

नारळी पुनव होऊन गेली, होड्या पाण्यात उतरल्या, जाळी भरून यायला लागली, आणि एक दिवस सकाळी आनंदी किनाऱ्यावरून घरी आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"ओ, आयकलात?" ती नवऱ्याला म्हणाली. "यंदा निळ्यो कुर्ल्यो येवकच नाय."

लवू दारापुढच्या खळ्यात तोंड धूत बसला होता. त्याने चूळ भरून टाकली. "काल तर जाळ्यात होत्यो."

"खंय होत्यो? सगळ्यो मातकट. बायलाच बायला. तुमी जाळी टाकतास ती बायकांच्या घोळक्यात टाकतास वाटता."

"मगे? ह्या वयात माका आणखी खंय जागा आसा?" लवू म्हणाला आणि आपणच हसला. आनंदी हसली नाही. तिचं चित्त कुर्ल्यांत होतं.

आता ज्याला कुर्ल्या ठाऊक नाहीत त्याला ह्यातलं काय कळणार? तेव्हा ते आधी सांगून टाकते. खाडीतली कुर्ली वेगळी. ती काळपट, जाड कवचाची, तिच्या डेंग्यात बोट सापडलं तर देव आठवतो. समुद्रातली कुर्ली चपटी, दोन्ही बाजूंना काटा, मागचे पाय वल्ह्यासारखे, पाण्यात चक्क पोहते. त्या समुद्रातल्यांतही जाती. एकीच्या पाठीवर तीन ठिपके, गडद लाल, भोवती पांढरी कड. ती तीन डोळ्यांची. एकीच्या पाठीवर क्रूस काढल्यासारखा पट्टा, ती क्रुसाची. आणि मग निळी. तिच्यातला दादला तो खरा निळा, डेंगे लांबलचक, पाठीवर पांढरी नक्षी, ओला असला की बघत राहावं असा. त्याची बायल मात्र निळी नसतेच. ती मातकट, हिरवट. दोघांना शेजारी ठेवलं तर कुणी म्हणणार नाही की ही एका घरची. नवीन माणूस हमखास दोन जाती समजतो. उलटी केली की भेद कळतो. दादल्याच्या पोटावरची झडप अरुंद, वर टोक काढलेली. बायलेची रुंद आणि गोल, तिच्या आड ती अंडी धरते.

पण आनंदीने आयुष्यात कधी कुर्ली उलटी केली नव्हती. सर्जेकोटच्या वाळूत ती आपल्या पाटावर बसायची, जाळ्यातून सोडवलेल्या कुर्ल्यांचा ढीग समोर, आणि तिचे हात चालायचे. निळे दादले एका टोपलीत, बायला दुसऱ्या टोपलीत, तीन डोळ्यांच्या तिसऱ्या. दादले हॉटेलवाल्यांच्या टेम्पोत जायचे, पोटात लाख, म्हणजे केशरी अंडी, भरलेल्या बायला घरगुती गिऱ्हाइकं मागायची. नजर टाकली न टाकली तोवर कुर्ली टोपलीत. कुणी पोट बघायला लागलं की ती म्हणायची, "पोट बघतली ती नवशिकी." हे तिचं बोलणं अख्ख्या वाडीत म्हण होऊन बसलं होतं. पोरीबाळी एकमेकींना चिडवायच्या ते ह्याच बोलण्याने.

त्या दिवशी ती शेजारच्या विमलाला म्हणाली, "विमले, यंदा निळे येवक नाय गो."

विमलाने तिच्याकडे बघितलं. मग आनंदीच्या टोपलीत बघितलं. मग आपला एक डोळा मिटला आणि मान हलवली. "होय गो होय. आमच्याकडे पण येवक नाय. एक म्हणशीत तर एक नाय."

आनंदीच्या जिवाला बरं वाटलं. म्हणजे आपल्याच जाळ्यात नाही असं नाही, समुद्रातच नाहीत. पण झालं होतं काय, आपल्याकडे भरलेलं जाळं कुणी भरलं म्हणून सांगत नाही. विचारलं तर सगळे म्हणणार, काय नाय रे, दोन बारके बांगडे गावले. दृष्ट लागते ना! विमलाला वाटलं, आनंदी माल लपवतेय. आणि तिनेही आपला लपवला. विमलाच्या पायाशी निळ्या दादल्यांचा ढीग वळवळत होता आणि ती म्हणत होती एक नाय. बाकीच्या बायकांनीही तेच केलं. आठवडाभर सगळ्या किनाऱ्यावर एकच बोलणं, यंदा निळे नाहीत. पुरुष म्हणाले, ट्रॉलरवाल्यांनी तळ खरवडला. कुणी म्हणालं, पाणी तापलं. आणि रोज सकाळी टेम्पो निळ्या कुर्ल्यांनी भरून जात होता.

घरात नवी सून होती, दिव्या. वैशाखात मुलाचं, नितेशचं, लग्न झालं तेव्हा आली. माहेर देवगडजवळच्या जामसंड्याचं, बापाचं किराणा दुकान, जिवंत कुर्ली तिने हातात कधी धरली नव्हती. पण पोर हुशार, आणि भ्यायची नाही. आनंदी तिला पाटाशेजारी बसवायची आणि शिकवायची. "रंग बघ, रंग. पोट मागसून."

एक दिवस दिव्याने एक कुर्ली उचलली आणि निळ्यांच्या टोपलीत टाकली.

"ही खंय टाकलंस?"

"निळ्यांत, आये."

"ही निळी? डोळे फुटले काय गो तुझे? ही बायल आसा."

दिव्याने कुर्ली परत उचलली, उलटी केली. "पण आये, पोट..."

"पोट बघतली ती नवशिकी! बायलांत टाक."

आजूबाजूच्या बायका हसल्या. दिव्याने कुर्ली बायलांत टाकली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

सगळ्या उठून गेल्यावर आनंदीने ती कुर्ली हळूच काढली. का काढली कोण जाणे. उलटी केली. झडप अरुंद, टोकदार. सरळ केली. पाठ मातकट. परत उलटी केली. पोट दादल्याचं आणि रंग बायलेचा, अशी कुर्ली तिने जन्मात बघितली नव्हती. तिला वाटलं, कुर्ल्यांवर रोग आलाय. समुद्रात काहीतरी बिघडलंय. तिने ती कुर्ली पाण्यात फेकून दिली आणि कुणाला बोलली नाही. पण तेव्हापासून तिची झोप गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती लपूनछपून पोटं बघायला लागली. कुर्ली उचलायची, मनगट जरासं वळवायचं, जणू पाणी निथळतेय. पण वेळ लागायचाच. डेंगेही लागायचे. बोटांना चिरा पडल्या. तीन डोळ्यांच्या ओळखायला ती पाठीवरून अंगठा फिरवायला लागली, कारण निळीची पाठ रवाळ लागते आणि तीन डोळ्यांची गुळगुळीत. ते ठिपके, ते एवढे ढळढळीत ठिपके, तेही आता धुक्यातून बघितल्यासारखे दिसत होते.

"आनंदये," विमलाने एकदा टोमणा मारलाच, "कुर्ल्यांका कुरवाळतंस कित्या गो? बारशाक आणलंस काय?"

"हात थंड पडलेत," आनंदी म्हणाली. ऊन मी म्हणत होतं.

दिवाळीत दिव्याची आई नर्मदा लेकीला बघायला आली. फराळाचे डबे घेऊन आली, आणि जावयासाठी निळा शर्ट. आनंदीने विहिणीसाठी कुर्ल्यांचं सार करायला घेतलं. पडवीत बसून ती कुर्ल्या मोडत होती, नर्मदा समोर, दिव्या नारळ खवत होती. बोलणं चाललं होतं. आनंदीला काय वाटलं, आपण सून चांगली शिकवतोय हे विहिणीला कळावं असं वाटलं, की आतली भीती तोंडातून भलत्या रूपात बाहेर पडली, पण ती म्हणाली,

"तुमचा चेडू कामाक वाघीण आसा हां, विहीणबाई. पण अजून निळी कुर्ली काय वळखता येणा नाय. आता ही बघा." तिने हातातली कुर्ली वर धरली. "ही बायल. पण ही म्हणतली, दादलो."

नर्मदाने कुर्लीकडे बघितलं. ती देवगडकडची बाई, मासळी खाऊन वाढलेली. तिने तोंड उघडलं. आणि आनंदीला तेवढं दिसलं, की खोबरं खवता खवता दिव्याने आईकडे बघून मान हलवली. अगदी थोडी. नको म्हणून.

नर्मदाने तोंड मिटलं. "शिकात हळूहळू," ती म्हणाली.

विळीचा आवाज तेवढा येत होता. आनंदीच्या हातातली कुर्ली अजून वरच होती, आणि आपण ती खाली कशी आणावी हे तिला कळेना.

त्या दिवशी सार कसं झालं ते तिला आठवत नाही. लवू म्हणाला मीठ जास्त झालंय.

नर्मदा गेली, आणि दुपारी आभाळ भरून आलं. अवकाळी येणार असं वाटलं. लवू होडीकडून ओरडला, "मांगरातली निळी ताडपत्री हाड गो! बेगीन!"

आनंदी मांगरात, घरामागच्या सामानाच्या खोपीत, गेली. तिथे दोन ताडपत्र्या होत्या, एक निळी, एक मातीच्या रंगाची. दोन्ही घडी घालून तिनेच ठेवलेल्या. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. एक बघितली. दुसरी बघितली. दाराकडे नेऊन उजेडात बघितली. दोन्ही सारख्याच. धुळकट, मातकट. ताडपत्रीला पोट नव्हतं उलटून बघायला.

बाहेरून लवू परत ओरडला. तिने दोन्ही उचलल्या आणि धावत गेली.

"दोन कित्या हाडलंस?"

"पाऊस मोठो इलो तर?"

लवू हसला आणि त्यातली एक ओढून घेतली. त्याने घेतली ती निळी असणार, पण तिला ती अजूनही हातातल्या दुसरीसारखीच दिसत होती. घरी येऊन ती चुलीपुढे बसली. तर समुद्रात काही बिघडलं नव्हतं. कुर्ल्यांना रोग नव्हता. विमला खोटं बोलली होती आणि कोवळी पोर खरं.

आनंदीची आई सीता शेवटली कितीतरी वर्षं पडवीच्या कोपऱ्यात बसून होती. डोळ्यात मोती वाढला तेव्हा सगळे म्हणाले, पिकू दे, पिकल्याशिवाय काढत नाहीत. आंब्याची वाट बघावी तशी घरदार त्या डोळ्याची वाट बघत बसलं. तो पिकला, आणखी पिकला, मग एकदा लाल होऊन ठणकला, आणि उजेडच गेला. मग सीता तांदूळ चाचपून खडे काढायची, आणि कुणाचं पाऊल वाजलं की मान वर करून विचारायची, "कोण ता?" लेकीलाही विचारायची. नातवंडं मुद्दाम पाय वाजवून पळायची, म्हातारीने विचारावं म्हणून. आनंदीला त्या दोन शब्दांची जेवढी भीती होती तेवढी वादळाचीही नव्हती.

तिने ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर पाट जाणार. पाट गेला की बाजार गेला, बाजार गेला की उरला तो पडवीचा कोपरा. ती रोज पाटावर बसत राहिली. रोज टोपल्या भरल्या. आणि रोज टेम्पोवाला ओरडेल म्हणून जीव मुठीत धरून बसली. निळ्यांत बायला गेल्या असतील, बायलांत तीन डोळ्यांच्या. गिऱ्हाईक कुणी परत येईल, तोंडावर टोपली आपटेल. पण कुणी आलं नाही. टेम्पोवाला माल बघून मान डोलवायचा. "वैनी, तुमच्या टोपलीक बघूची गरज नाय." तो असं म्हणाला की तिला घाम फुटायचा. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला वाटायचं. आपण चुकतोय हे नक्की, मग चूक जाते कुठे?

ते तिला एका सकाळी कळलं. तंबाखूची डबी विसरली म्हणून ती अर्ध्या वाटेतून माघारी फिरली. होडीच्या आडोशाला दिव्या उकिडवी बसली होती. पुढ्यात आनंदीच्या टोपल्या. एकीतली कुर्ली उचलायची, दुसरीत टाकायची. भराभर. पोट न बघता.

आनंदी दोन पावलं पुढे झाली. मग म्हणाली, "कधीपासून?"

दिव्या दचकली. कुर्ली हातातून पडली आणि तिरकी तिरकी पळाली. "तुमी डोळे फुटले काय म्हणालात, तेच्या दुसऱ्या दिसापासून."

"आणि बोलाक काय झाला होता?"

"काय बोलू, आये? नवी सून, सासूक सांगू, तुमका दिसना नाय म्हणान? विमलाकाकीन माका गावभर वाजवल्यान असता."

"नितेशाक सांगलंस?"

"नाय. कोणाकच नाय."

"आवशीक?"

"तिका सांगूची गरज पडाक नाय," दिव्या म्हणाली. आनंदीला पडवीतली ती हललेली मान आठवली. ती तिथेच वाळूत बसली. पळालेली कुर्ली तिच्या पावलाशी आली, डेंगे वर करून उभी राहिली.

"ही खंयची?" आनंदीने विचारलं. तिच्या आवाजात आता सासू नव्हती.

"दादलो. निळोशार."

आनंदीने डोळे बारीक केले. "माका बायल दिसता गो," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. "माझ्या आवशीसारखा होतला माझा. पडवीत बसान कोण ता, कोण ता करतलंय."

"तशा होवच्या आधी ओरोसच्या हॉस्पिटलात जावया."

"आणि काच निघाली तर?"

कारण बिंदू दोन. मोती आणि काच. मोती काढता येतो, काचेने गेलेली नजर परत येत नाही, एवढं आनंदीला बाजारातल्या बोलण्यावरून ठाऊक होतं. बाहेरून बघून ह्यातला कुठला ते कळत नाही. आणि डोळा काही उलटून बघता येत नाही.

लवूला सांगितलं तेव्हा तो चेष्टा करायचं विसरला. "त्या दोन ताडपत्र्यो..." एवढंच म्हणाला.

एसटीने कसालवरून ओरोसला जाताना आनंदी खिडकीत बसली होती. वाटेतली झाडं, घरं, शाळेतली पोरं ती अशी बघत होती जशी कुणी घर सोडून जाताना बघतं. दवाखान्यात बाकावर शेजारी एक म्हातारा होता, त्याने न विचारताच सांगितलं, "माझी काच. एक गेलो, दुसऱ्याक थेंब घालतंय." आनंदीने दिव्याचा हात धरला तो आत बोलावेपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. हनुवटी टेकवायला लावली, उजेड मारला, थेंब घातले, बाहेर बसवलं, परत बोलावलं. आनंदी बाईंसारखं शहरी बोलायचा प्रयत्न करत होती. "बाई, काच आहे काय मोती, तेवढं सांगा. काच असली तर तसं सांगा. फसवू नका."

"थांबा आजी, बघू दे."

बाईंनी आधी एक डोळा बघितला, मग दुसरा.

"मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. काचबिंदू नाही."

"पिकलो काय?" घाबरून तिचं मालवणी बाहेर आलं.

"पिकायची वाट बघायची नाही. एक आता करू, दुसरा थोड्या दिवसांनी."

ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी बांधली. उघड्या डोळ्याला धूसर दिसत होतं, तोही तिने मिटून घेतला होता. भीतीने. कॉटवर पडल्या पडल्या तिला पावलं ऐकू आली आणि तिच्या तोंडून गेलं, "कोण ता?"

आपलेच शब्द ऐकून ती ताठ उठून बसली. आईचा आवाज होता तो, हुबेहूब.

"मी, आये," दिव्या म्हणाली. "पेज हाडलंय. झोपा तुमी."

पण आनंदी पट्टी निघेपर्यंत परत आडवी झाली नाही. भिंतीला टेकून बसून राहिली. पट्टी काढली तेव्हा आधी नुसता पांढरा लखलखाट, डोळ्यातून पाणी. मग त्या पाण्यातून तिला समोर काहीतरी दिसलं, एवढं निळं, एवढं निळं की तिला वाटलं भूलच पडली. नितेश उभा होता. दिवाळीत सासूने दिलेला शर्ट घालून.

"ह्यो शर्ट असो होतो?" ती म्हणाली. नितेशला काही कळेना.

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस काढून ती परत किनाऱ्यावर आली. एका डोळ्याला नवी नजर, दुसरा अजून जुनाच. जाळी आली होती, बायका बसल्या होत्या. आनंदीने पाट घेतला, तो दिव्याकडे सरकवला, आणि स्वतः खाली वाळूत बसली. सगळ्यांचे हात थांबले.

ढिगातून एक कुर्ली उचलून तिने दिव्यापुढे धरली. "ही खंयची गो?" तिने मोठ्याने विचारलं.

दिव्याने सासूकडे बघितलं. "निळो दादलो, आये."

"आयकलात?" आनंदी सगळ्यांकडे वळून म्हणाली. "माझ्या सुनेचे डोळे शाबूत आसत. फुटले होते ते माझे. विमले, तू पण आयक. एक नाय म्हणत होतंस ना?"

"मी म्हटलंय, तू लपवतंस म्हणान!" विमला म्हणाली, आणि मग सगळा प्रकार लक्षात येऊन ती जी हसायला लागली ती वाळूत लवंडलीच. "अगो, म्हणजे तुका खरांच दिसत नाय होता? आणि आमी सगळ्यांनी मिळान..."

आनंदीने ती कुर्ली डोळ्यांपुढे धरली. जुना डोळा मिटला. निळीशार. नवा मिटला. मातकट बायल. परत जुना मिटला. दादला. परत नवा. बायल. दुसऱ्या डोळ्याचं अजून व्हायचं होतं, आणि तो नीट होईल ना ही धाकधूक होतीच. ती काही लगेच जाणारी नव्हती. मग तिने हळूच मनगट वळवलं, कुर्ली उलटी केली, आणि पोटावरची झडप बघितली.

"आये," पाटावरून दिव्या म्हणाली, हात न थांबवता, "पोट बघतली ती नवशिकी."